फिटच्या मागे दडलेली संथ गाठ

शहादा तालुक्यातले पुरुषोत्तमनगर हे सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. अशा गावातला, नववीत शिकणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. फळ्याकडे बघता बघता तो मध्येच थबकतो. नजर एका जागी खिळते, ओठ चाटल्यासारखे हलू लागतात, एक हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहतो. बाई नाव घेऊन हाक मारतात, उत्तर नाही. मिनिटभराने तो भानावर येतो आणि काहीच न झाल्यासारखा वही उघडतो. खोदून विचारले, तर 'आधी पोटातून काहीतरी वर चढतं' एवढेच त्याला सांगता येते. बाईंना वाटते, पोराचे अभ्यासात लक्ष नाही. आजीला वाटते, बाहेरचे काही लागले असेल. भगताकडे एक फेरी होते. मग एके दिवशी उसाच्या बांधावर तो कोसळतो, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. कुणी नाकाशी चप्पल धरते, कुणी कांदा फोडते. त्या दिवसापासून घरात एकच शब्द राहतो: फिट.

गोळ्या सुरू होतात. कोसळणे थांबते, म्हणून घर निर्धास्त होते. पण ते थबकणे, ओठ हलवणे आठवड्यातून दोन-तीनदा चालूच असते. त्याला कुणी फिट म्हणतच नाही. वस्तुतः तीही फिटच. पहिली वर्गात झाली होती आणि दुसरी बांधावर, इतकाच फरक. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, टेम्पोरल लोब, तिथून निघणारे झटके बहुधा असेच, न कोसळवणारे असतात. आणि तरुण वयात, औषधांना न जुमानता, वर्षानुवर्षे असे झटके येत राहतात तेव्हा त्यामागच्या ठळक कारणांपैकी एक असते मेंदूतली अगदी सावकाश वाढणारी, कर्करोग नसलेली गाठ.

'मेंदूत गाठ' हे शब्द रिपोर्टवर दिसले, की घरातल्यांच्या पायाखालची जमीन सरकते. ते साहजिक आहे. मेंदूच्या ज्या गाठींबद्दल आपण ऐकतो त्या झपाट्याने वाढणाऱ्या, डोकेदुखी, उलट्या, लकवा घेऊन येणाऱ्या आणि दीड-दोन वर्षांत माणूस नेणाऱ्या असतात. इथे मात्र उलटे आहे. औषधाने न थांबणाऱ्या अपस्माराचे कारण म्हणून अशी संथ गाठ सापडणे ही अनेकदा त्यातल्या त्यात बरी बातमी असते, कारण मुळापासून काढून टाकता येईल असे काहीतरी हाती लागलेले असते.

या गाठींमध्ये दोन नावे नेहमी येतात. एक गँग्लिओग्लायोमा आणि दुसरे डीएनईटी. नावे जड आहेत, पण रिपोर्टवर ती तशीच छापून येतात, म्हणून ओळखीची असलेली बरी. डीएनईटी ही स्वतंत्र जातीची गाठ आहे हे पॅरिसच्या कॅथरीन दोमा-द्युपोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. तोवर अशा रुग्णांच्या गाठींना सर्वसाधारण ग्लायोमा समजले जाई आणि पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर गरज नसताना किरणोपचार दिले जात. जागतिक आरोग्य संघटना मेंदूच्या गाठींना १ ते ४ अशी श्रेणी देते. डीएनईटी पहिल्या श्रेणीत बसते, आणि गँग्लिओग्लायोमाही जवळजवळ नेहमीच. नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, 'शेक द्यावे लागतील का?' या दोन गाठींसाठी बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे असते. केमोही नाही.

मग एवढी गरीब गाठ मेंदूत एवढा दंगा का घालते? घराचे उदाहरण घेऊ. पूर आला तर भिंत कोसळते, घर पडते. तिथे विजेच्या शॉर्टसर्किटची चर्चा कुणी करत नाही. पण भिंतीत वर्षानुवर्षे पाणी झिरपत राहिले तर भिंत उभीच राहते, मात्र आतल्या तारा ओल धरतात आणि दिवे मधूनच उघडझाप करू लागतात. झपाट्याने वाढणारी गाठ मज्जापेशी मारत पुढे सरकते. संथ गाठ त्यांना जिवंत ठेवते, पण चिडवते. शिवाय गँग्लिओग्लायोमामध्ये खुद्द गाठीतच चेतापेशी असतात. वेड्यावाकड्या घडणीच्या, पण विद्युत्संदेश सोडू शकणाऱ्या. गाठीच्या भोवतालच्या मेंदूचीही घडण कधी कधी जन्मतःच थोडी बिघडलेली असते. पेशींना उत्तेजित करणारी रसायने तिथे जास्त साचतात, आवर घालणारी कमी पडतात. या गाठी मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे जिथे चेतापेशींची दाटी असते त्या कॉर्टेक्समध्ये बसलेल्या असतात, आणि त्यातही टेम्पोरल लोबमध्ये, जो अपस्माराच्या बाबतीत मुळातच नाजूक. त्यामुळे भुईमुगाच्या दाण्याएवढी गाठही पुरते. दुसरे कोणतेही लक्षण नसते. हात चालतो, पाय चालतो, डोके दुखत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरला बोट ठेवायला जागा सापडत नाही आणि गाठ लपून राहते.

किती काळ लपते? युरोपातल्या १२ देशांतील ३६ केंद्रांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांची एकत्रित तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण होते ९,५२३. जवळजवळ चौघांतल्या एकाच्या मेंदूत गाठ निघाली, आणि त्यात सर्वांत जास्त गँग्लिओग्लायोमा. तीन चतुर्थांश रुग्णांचे झटके वयाच्या अठराव्या वर्षाआधी सुरू झाले होते. यातला सर्वांत बोचणारा आकडा मात्र वेगळाच आहे. सगळी कारणे एकत्र धरली, तर प्रौढपणी शस्त्रक्रिया झालेल्यांनी त्याआधी सरासरी २० वर्षे झटक्यांसोबत काढली होती. युरोपात हे घडते. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यावरून निघालेल्या माणसाची वाट याहून लांब असणार, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

या वीस वर्षांत काय जाते, ते गावात राहणाऱ्याला माहीत असते. शाळा सुटते. चुलीपाशी, विहिरीच्या काठावर, पंपाच्या खोलीत, दुचाकीवर एक झटका पुरतो. मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघाला की आवाज खाली जातो. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला आडकाठी म्हणून वेडाच्या शेजारी अपस्माराचे नाव होते, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढले गेले. पण कायद्यातून गेलेला शब्द सोयरिकीच्या बोलण्यातून गेलेला नाही. वारंवार कोसळवणारे झटके चालू असतील तर झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोकाही असतो. तो फारसा बोलला जात नाही. खरे तर 'गोळ्यांनी भागतंय' म्हणणाऱ्या प्रत्येक घराला तो एकदा सांगितला पाहिजे.

गोळ्यांविरुद्ध हे बोलणे नाही. भारतात एक कोटीहून अधिक लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना नियमित गोळ्याच पुरतात. ग्लासगोमध्ये ५२५ नव्या रुग्णांवर नजर ठेवून २००० साली जो निष्कर्ष निघाला, तो आजही शिकवला जातो. पहिल्याच औषधाने ४७ टक्के लोकांचे झटके थांबले. औषधे बदलून, जोड देऊन एकूण आकडा दोन तृतीयांशाच्या जवळ पोहोचला. पण दोन योग्य औषधे, योग्य मात्रेत, न चुकता घेऊनही झटके आले, तर तिसऱ्या-चौथ्याने ते थांबण्याची शक्यता फारच थोडी उरते. म्हणून २०१० पासून जगभर नियम असा मानला जातो: दोन औषधे हरली की अपस्मार औषधाला दाद न देणारा समजावा आणि शस्त्रक्रिया करता येईल का, हे तपासावे. प्रत्यक्षात दोन औषधे हरली की तिसरे सुरू होते, मग चौथे. डॉक्टर बदलतो, गाव बदलते, शहाद्याहून नंदुरबार, नंदुरबारहून सुरत. चिठ्ठी तीच राहते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे आणि तो नीट सोडवायला हवा. भारतात फिट आलेल्या तरुणाच्या सीटी स्कॅनवर छोटी, कडेने चमकणारी गाठ दिसली तर ती ट्यूमर असण्याची शक्यता कमीच. बहुधा ती पट्टकृमीच्या अळीची, म्हणजे सिस्टिसर्कोसिसची असते. दूषित पाणी, न धुतलेली भाजी, अस्वच्छ हात यांतून कृमीची अंडी पोटात जातात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. त्यासाठी स्वतः डुकराचे मांस खाल्लेले असावे लागत नाही, शाकाहारी घरातही हे घडते. पूर्वी अशा बऱ्याच गाठी क्षयरोगाच्या समजल्या जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील वेदांतम् राजशेखर आणि मॅथ्यू चांडी यांच्या गटाने, एकेरी आणि २० मिलिमीटरहून लहान अशा गाठींपैकी बहुतेक या अळीच्या असतात हे दाखवून दिले. या अळीच्या गाठी बहुधा काही महिन्यांत आटतात, विरघळतात किंवा चुन्याचा ठिपका होऊन राहतात. म्हणून स्कॅनवर गाठ दिसली की लगेच कवटी उघडा, असे कुणी म्हणत नाही. पण जी गाठ औषधे घेऊन, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करूनही जशीच्या तशी आहे, आणि झटके चालूच आहेत, तिच्याकडे दुसऱ्या नजरेने पाहायला हवे. संथ गाठीतही चुना साचतो, तोही सीटीवर पांढरा ठिपका म्हणून दिसतो, आणि 'जुनी, वाळलेली गाठ' असा शेरा घेऊन फाइल बंद होते.

इथे एमआरआय निर्णायक ठरतो. तोही कुठलाही नाही. अपघात झालेल्या रुग्णाचा घाईचा एमआरआय वेगळा आणि अपस्मारासाठीचा वेगळा. त्यात काप अगदी पातळ, एखाद्या मिलिमीटरचे घ्यावे लागतात, टेम्पोरल लोबकडे ठरावीक कोनातून पाहावे लागते. फॉर्मवर नुसते 'फिट' लिहिले आणि झटका कसा सुरू होतो ते लिहिलेच नाही, तर रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो, आणि तो 'नॉर्मल' कागद पुढची पाच वर्षे रुग्णाच्या वाटेत आडवा पडतो. ईईजीचेही तसेच. अर्ध्या तासाच्या ईईजीत काही दिसले नाही म्हणजे अपस्मार नाही, असे होत नाही. याउलट, नातेवाइकाने मोबाइलवर घेतलेले झटक्याचे चित्रण फार मोलाचे ठरते. आधी काय हलले, डोके कोणत्या बाजूला वळले, भानावर येताना बोलता येत होते का, या गोष्टींवरून मेंदूतली बाजू ओळखता येते. घाबरलेल्या घरातून अशा वेळी मोबाइल धरण्याची अपेक्षा करणे कठीण वाटेल. पण एकाने रुग्णाला कुशीवर वळवावे, दुसऱ्याने चित्रण करावे. चप्पल आणि कांद्याचे कामच नाही.

झटक्याच्या लक्षणांवरून मेंदूतली जागा हुडकण्याची ही रीत जुनी आहे. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदाने स्कॉटलंडच्या एका पंचविशीतल्या शेतकऱ्याची कवटी उघडली. त्याला तीन वर्षे झटके येत होते, पुढे डावा हात लुळा पडू लागला होता. तेव्हा क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी झटका कुठून सुरू होतो आणि कुठे पसरतो, एवढ्यावरून गाठीची जागा सांगितली. गाठ तिथेच निघाली, साधारण अक्रोडाएवढी. शेतकऱ्याचे झटके थांबले. महिन्याभरात जंतुसंसर्गाने तो दगावला. निदान बरोबर होते, जखम भरवता आली नाही. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये उभा केला. ते कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते, आणि १९५२ पासून तिथे अपस्मारासाठीही शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने याला शिस्तबद्ध कार्यक्रमाचे रूप दिले. आज दिल्ली, बेंगळुरू, मुंबई इथे हे काम नियमित चालते. महाराष्ट्रात सार्वजनिक रुग्णालयांपैकी मुंबईच्या केईएमचे नाव यात ठळक आहे.

आजची शस्त्रक्रिया एका दिवसाची असली तरी तिची तयारी काही आठवड्यांची असते. रुग्णाला व्हिडिओ ईईजीवर दोन-चार दिवस ठेवून झटके टिपले जातात. झटके गाठीच्याच जागेतून निघतात ना, याची खात्री करतात. मेंदूत गाठ असते आणि झटके दुसरीकडून येतात, असेही घडते. मग स्मरणशक्ती आणि भाषेच्या चाचण्या. इथे एक अडचण शहरात बसून लक्षात येत नाही. शब्दांची यादी वाचून दाखवून 'आठवतील तेवढे सांग' अशी चाचणी असते. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या, मराठी फक्त शाळेत ऐकलेल्या मुलाला मराठी यादी दिली, तर त्याची स्मरणशक्ती तपासली जात आहे की त्याची मराठी? दुभाषा मिळाला तर बरे, नाहीतर निदान ही शंका कागदावर तरी लिहिलेली असावी, कारण याच चाचणीवरून मेंदूचा किती भाग काढायचा ते ठरते.

शस्त्रक्रियेत कवटीची एक खिडकी उघडतात. सूक्ष्मदर्शकाखाली, आधीच्या एमआरआयशी जोडलेल्या दिशादर्शक यंत्राच्या मदतीने गाठीपर्यंत पोहोचतात. गाठ काढल्यावर भोवतालच्या मेंदूवर इलेक्ट्रोडची पट्टी ठेवून तिथून अजून गडबड होते का ते पाहिले जाते. नुसती गाठ काढून भागते की लगतचा चिडका भागही घ्यावा लागतो, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. टेम्पोरल लोबच्या आत हिप्पोकॅम्पस असतो, स्मरणाचा कारभार पाहणारा. तो गाठीत सापडला असेल तर निर्णय सोपा. तो धडधाकट दिसत असेल, तर काढून शब्दांची स्मृती गमवायची, की ठेवून झटके राहण्याची जोखीम घ्यायची, हे रुग्णासमोर बसून ठरवावे लागते. गाठ बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राला लागून असेल तर रुग्णाला मध्ये जागे करून, त्याच्याशी बोलत बोलत शस्त्रक्रिया होते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून ते शक्य होते.

धोके आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, हातापायातली दुर्बलता, दृष्टीच्या वरच्या एका कोपऱ्यात अंधार, डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेत शब्द न आठवणे. अनुभवी केंद्रात कायमचे मोठे नुकसान शंभरातल्या मोजक्यांना होते आणि मृत्यू शंभरात एकाहूनही कमी. हे आकडे ऐकून जो घाबरतो, त्याने दुसरी बाजूही ऐकावी. २०२० मध्ये युरोपातील नऊ हजारांवर शस्त्रक्रियांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत चांगला निकाल याच संथ गाठींचा होता: दोन वर्षांनंतर सुमारे ७७ टक्के रुग्ण दुर्बल करणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. गाठ पूर्ण निघाली तर शक्यता वाढते, उशीर झाला तर घटते. आपल्याकडचा पुरावाही भक्कम आहे. दिल्लीच्या एम्सने औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या ११६ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली. निम्म्यांची शस्त्रक्रिया लगेच, निम्म्यांची औषधे चालू ठेवून प्रतीक्षा यादीवर. २०१७ मध्ये आलेला निकाल असा: वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलांचे झटके थांबले होते, नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्क्यांचे. या मुलांमध्ये गाठीखेरीज इतरही कारणे होती, आणि शस्त्रक्रियेनंतर तिघांतल्या एका मुलाला गंभीर त्रास झाला, त्यांत अर्ध्या मेंदूवरच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतर अपेक्षितच असलेला लुळेपणाही होता. टेम्पोरल लोबमधली लहान गाठ काढणे त्या मानाने बरेच सौम्य काम.

पुरुषोत्तमनगरहून निघणाऱ्यासाठी पहिला टप्पा नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे. अपस्माराची शस्त्रक्रिया तिथेच व्हावी अशी अपेक्षा नाही. तिथून योग्य एमआरआय आणि योग्य चिठ्ठी मिळाली तरी मोठे काम झाले. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येते, म्हणून शिधापत्रिका आणि आधार कार्ड पहिल्या दिवसापासून जवळ असावे. जाताना जुन्या सगळ्या फिल्म न्याव्यात, नुसते रिपोर्ट नव्हे. दोन वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन फिल्म शेजारी ठेवून पाहिल्या की गाठ वाढते आहे, विरघळते आहे की तशीच आहे, हे कळते. कोणते औषध किती मिलिग्रॅम, किती महिने घेतले, तेही एका वहीत लिहून न्यावे. 'पांढरी मोठी गोळी' एवढ्यावरून दोन औषधे हरली की नाही हे ठरत नाही.

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, झटके थांबले, की घरचे गोळ्या बंद करायची घाई करतात. तिथे थांबावे लागते. गोळ्या बहुधा निदान वर्ष-दोन वर्षे चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने एक एक करून कमी करतात. काहींना एखादी गोळी पुढेही लागते. पहिल्या काही महिन्यांत एक एमआरआय आणि नंतर दरवर्षी एक, अशी नजर काही वर्षे ठेवतात, कारण क्वचित ही गाठ परत येते आणि अगदी क्वचित स्वभाव बदलते. तोवर एकट्याने विहिरीवर जायचे नाही, पोहायचे नाही, दुचाकीला किल्ली लावायची नाही. नववीतल्या पोराला यातले शेवटचे सर्वांत जड जाते.